सातारा-सांगली परिसरातील दुधाचे टिकाऊपण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील दुग्धव्यवसायाचा इतिहास आजवर प्रामुख्याने लिटरच्या भाषेत लिहिला गेला आहे. अमुक वर्षी अमुक लाख लिटर संकलन झाले, अमुक संघाची क्षमता इतक्या लिटरने वाढली, अशी आकडेवारी वार्षिक अहवालांतून आणि त्यावर आधारलेल्या प्रबंधांतून विपुल आढळते. परंतु दूध हा पदार्थ मुळात तासांचा आहे. धार काढल्यापासून ते नासेपर्यंत मधे किती तास मिळतात, यावर ते कोणी प्यावे, कोठे विकावे, कोणत्या भावाने विकावे आणि विकता आले नाही तर त्याचे काय करावे, हे सारे ठरत आले आहे. प्रस्तुत निबंधात सातारा व सांगली या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांतील दुधाचा विचार या तासांच्या अंगाने करण्याचा प्रयत्न केला आहे.

या विषयाला अलीकडे आणखी एक पदर जोडला गेला आहे. शहरांतील दुकानांत लॅक्टोजमुक्त दुधाची खोकी दिसू लागल्यापासून 'हे दूध पचायला हलके आणि टिकायलाही चांगले' असा समज सुशिक्षित वर्गात रूढ होताना दिसतो. पचणे आणि टिकणे हे दोन वेगळे गुण आहेत. त्यांची गल्लत का होते, हे समजून घेण्यासाठीही या परिसराचा इतिहास उपयोगी पडतो. कारण येथे दूध टिकवण्याच्या ज्या पारंपरिक रीती होत्या त्यांपैकी काहींनी दूध पचायला सोपे केले, तर काहींनी मुळीच केले नाही.

घरातील दूध : विरजण आणि आच

म्हशीच्या किंवा गाईच्या कासेतून निघणारे दूध सुमारे ३७-३८ अंश सेल्सिअस तापमानाचे असते. निसर्गाने त्यात जंतूंना आवर घालणारी काही द्रव्ये ठेवलेली असली तरी त्यांचा प्रभाव थोडे तासच टिकतो. चैत्र-वैशाखात हवेचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की दुधातील जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल पुरेसे वाढले की केसीन हे प्रथिन साखळते आणि दूध फाटते. सकाळचे कच्चे दूध दुपारपर्यंत आंबण्याच्या वाटेला लागते ते यामुळे.

या संकटावर गृहिणीने काढलेला पहिला तोडगा म्हणजे तापवणे. युरोपात पाश्चरचे प्रयोग १८६० च्या दशकात झाले आणि बालकांसाठीच्या दुधाला ती पद्धत लावावी असा विचार त्यानंतर दोन दशकांनी पुढे आला. आपल्याकडे दूध उकळल्याशिवाय न पिण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. चुलीच्या वैलावर किंवा गोवऱ्यांच्या मंद निखाऱ्यावर दुधाचे भांडे दिवसभर ठेवून देत. दूध सतत ६०-७० अंशांच्या आसपास राही, वर जाड साय धरे आणि जंतूंची वाढ थांबलेली असे. हे घरगुती पाश्चरीकरणच होय, असे म्हणण्याचा मोह होतो; पण पाश्चरीकरणात तापवण्याइतकेच महत्त्व त्यानंतर ताबडतोब थंड करण्याला असते आणि तो दुसरा अर्धा भाग वीज येईपर्यंत आपल्या घरांना साध्य नव्हता. गोवरी विझली की तास पुन्हा मोजायला सुरुवात होई.

दुसरा तोडगा अधिक धूर्त होता. दूध आंबणारच असेल तर ते आपल्या मर्जीने आंबवावे, हे विरजणाचे तत्त्व. घरोघर चालत आलेल्या विरजणातील जंतू आम्ल इतक्या वेगाने तयार करतात की नासवणाऱ्या इतर जंतूंचा निभाव लागत नाही. दही झाले की दुधाच्या आयुष्यात दोन-तीन दिवसांची भर पडली. दही घुसळून लोणी काढले आणि लोणी कढवले की तूप महिनोन्‌महिने टिकते. मागे उरते ते ताक. पूर्वीच्या शेतकरी कुटुंबाच्या हिशेबात तूप हा विकायचा किंवा सणावाराला वापरायचा माल होता आणि ताक हे रोजचे अन्न. भाकरी-ताक, ताकातली कण्या-आंबील यांवर माणदेश, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील कुटुंबे जगली.

भाषेत याचे साक्षीपुरावे आहेत. 'दुधाची तहान ताकावर भागवणे' ही म्हण दूध दुर्मीळ आणि ताक मुबलक असलेल्या समाजातच जन्मू शकते. 'ताकाला जाऊन भांडे लपवणे' या म्हणीत तर एक सामाजिक व्यवहारच नोंदलेला आहे. ताक मागायला जाण्याची पद्धत होती, ते विकत मिळत नसे आणि मागणाऱ्याला संकोच वाटत असे, या तिन्ही गोष्टी त्या चार शब्दांत आल्या आहेत. इतिहासाच्या साधनांत म्हणींना आपण क्वचितच स्थान देतो. ज्या व्यवहारांची दप्तरे कधी ठेवली गेली नाहीत तेथे मात्र त्यांचा आधार घेण्यास हरकत नसावी.

आता पचनाकडे. लॅक्टोज ही साखर आतड्यात शोषली जाण्यापूर्वी ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरांत फुटावी लागते. हे काम लॅक्टेज नावाचे विकर करते. तान्ह्या मुलांत ते भरपूर असते. जगातील बहुसंख्य प्रौढांत ते कमी होत जाते. हा आजार नव्हे, सस्तन प्राण्यांचा तो सामान्य धर्मच आहे. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय अभ्यासात उत्तर भारतीय व्यक्तींपैकी २७.४ टक्के आणि दक्षिण भारतीय व्यक्तींपैकी ६६.६ टक्के लोकांना लॅक्टोज पुरेसे पचत नसल्याचे दिसले होते. महाराष्ट्र या दोन टोकांच्या मध्ये येतो. २०१२ मधील एका जनुकीय अभ्यासाने असेही दाखवले की, प्रौढपणी दूध पचवण्याची क्षमता देणारा जनुकीय बदल भारतात आणि युरोपात एकच आहे आणि भारतात त्याचे प्रमाण वायव्येकडून पूर्वेकडे व दक्षिणेकडे घटत जाते. आपल्याकडील वडीलधारी मंडळी 'मला दूध बाधते, ताक चालते' असे सहज सांगत, त्यामागे हे शरीरशास्त्र होते. विरजणातील जंतू लॅक्टोजचा काही भाग, ढोबळमानाने पाव ते तिसरा हिस्सा, आधीच फस्त करतात. शिवाय त्यांच्याजवळचे विकर आपल्या आतड्यात उरलेली साखर फोडायला मदत करते. ताकात पाणी घातलेले असल्याने घोटागणिक साखर आणखी कमी. चक्का टांगला की निथळणाऱ्या पाण्याबरोबर लॅक्टोजचा मोठा वाटा निघून जातो. तुपात तर ती जवळपास नसतेच. म्हणजे आंबवण्याच्या वाटेने दूध टिकवता टिकवता ते पचायलाही सोपे होत गेले.

आटवण्याच्या वाटेने मात्र तसे झाले नाही. आणि साताऱ्याची देशभर ओळख आहे ती नेमकी या दुसऱ्या वाटेमुळे.

कंदी पेढा

दूध नासते ते त्यातील पाण्यामुळे. म्हशीच्या दुधात सुमारे ८३ टक्के पाणी असते. कढईत दूध सतत ढवळत आटवले की पाच लिटर दुधाचा साधारण एक किलो खवा होतो. मुबलक म्हशी, जवळ मोठी बाजारपेठ नाही आणि उन्हाळ्यात दूध ताजे पोचवण्याची सोय नाही, अशा परिस्थितीत खवा हा दुधाला वाहून नेण्याजोगा आकार देण्याचा मार्ग होता. पण खव्यातही पाचव्या हिश्शाच्या आसपास पाणी शिल्लक राहते आणि दोन-तीन दिवसांत त्याला बुरशी धरू शकते. साताऱ्याच्या पेढेवाल्यांनी हा खवा मंद आचेवर पुन्हा परतून तांबूस केला. त्यात उरलेले पाणी आणखी कमी झाले, साखर मिसळल्याने उरल्यासुरल्या पाण्यावर जंतूंचा हक्क राहिला नाही आणि पेढा अधिक दिवस टिकू लागला. ती खमंग चव आणि तो रंग ही मूळची टिकाऊपणाची उप-उत्पत्ती आहे, हे पेढा खाताना कोणाच्या ध्यानी येत नाही.

'कंदी' या शब्दाविषयी एक लोकप्रिय आख्यायिका सांगितली जाते. इंग्रज अंमलदारांनी पेढा चाखून त्याला 'कँडी' म्हटले आणि त्याचा अपभ्रंश कंदी झाला, अशी ती कथा. तिची गरज भासत नाही. फारसीत 'कंद' म्हणजे साखर. हा शब्द संस्कृत 'खंड' या शब्दाशी जोडला जातो आणि इंग्रजी शब्दाचा उगमही अरबी-फारसी मार्गाने तेथेच पोचतो. फारसी शब्दांनी भरलेल्या दरबारी मराठीच्या राजधानीत साखरेच्या मिठाईला कंदी म्हणायला साहेबाची वाट पाहावी लागली असेल, असे वाटत नाही.

तांबूस रंगामागील रसायनशास्त्र पुढील विवेचनाला उपयोगी आहे. दुधातील साखर आणि प्रथिने एकत्र तापली की त्यांच्यात अभिक्रिया होऊन तपकिरी रंग व खमंग वास निर्माण होतो. तिला मेलार्ड अभिक्रिया म्हणतात. दूध आटते तेव्हा पाणी जाते, साखर जात नाही. म्हशीच्या दुधात सुमारे पाच टक्के असलेले लॅक्टोज खव्यात वीस टक्क्यांच्या आसपास पोचते. तेव्हा ज्याला दूध बाधते त्याला ताक चालेल. चार पेढे मात्र बाधू शकतात. टिकाऊ ते पचाऊ हा नियम येथे मोडतो.

रेल्वे आणि भिलवडी

घरगुती पद्धतींनी दुधाचे आयुष्य वाढवले. पण त्याचे रूप पालटून. दूध हे दूधच राहून लांबच्या शहरात पोचावे, ही गरज विसाव्या शतकातील. मुंबईने आधी ती उलट्या दिशेने भागवली होती. दूध येत नाही तर म्हशी आणा, या न्यायाने शहरात गोठे आणि तबेले उभे राहिले. अस्वच्छतेच्या कारणाने हे गोठे शहराबाहेर हलवण्यासाठी १९४९ पासून गोरेगावजवळ आरे दुग्धवसाहत उभारली गेली. तेथेही सूत्र तेच राहिले, जनावर गिऱ्हाइकाजवळ. कृष्णाकाठाने याच्या नेमके विरुद्ध सूत्र स्वीकारले.

भास्कर गणेश ऊर्फ बाबासाहेब चितळे यांचे कुटुंब साताऱ्याजवळच्या लिंब-गोवे परिसरातील. बारामोटेच्या विहिरीसाठी प्रसिद्ध असलेले लिंब कृष्णेच्या काठी आहे. पाणी आहे, चारा आहे, पण रेल्वे नाही. १९३९ मध्ये चितळे यांनी भिलवडी येथे दुग्धव्यवसाय सुरू केला. भिलवडीलाही कृष्णा आहे आणि शिवाय पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक आहे. स्थलांतराच्या या निर्णयाकडे कौटुंबिक कथेपलीकडे जाऊन पाहावे लागेल. नदीमुळे चारा आणि म्हशी, रेल्वेमुळे मुंबई-पुणे, असा हिशेब भिलवडीत जुळत होता. याच मार्गावर शेजारी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या अगदी सुरुवातीच्या उत्पादनांत लोखंडी नांगराइतकेच कडबा कापण्याच्या यंत्राला स्थान होते. नांगर तयार करणारे आणि दूध विकणारे दोघेही एकाच रेल्वेमार्गावर येऊन बसतात, हा योगायोग नव्हे. पुढे १९४३ मध्ये याच मार्गावर शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली. या प्रदेशाच्या अर्थकारणाची नस कोठे आहे, हे दोन्ही पक्ष जाणून होते.

भिलवडीचे दूध मुंबईला नेण्यात एक अडचण होती आणि तिची चर्चा दुग्धव्यवसायाच्या लेखनात सहसा होत नाही. पुणे-मिरज मार्ग तेव्हा मीटर गेज होता; पुणे-मुंबई मार्ग ब्रॉडगेज. त्यामुळे मालाची पुण्यात गाडीबदल करावी लागे. खेडा जिल्ह्यातील आणंदहून मुंबईला सुमारे सव्वाचारशे किलोमीटर अंतरावरून १९४५ पासून दूध येऊ लागले ते सलग ब्रॉडगेज मार्गाने. भिलवडी-मुंबई अंतर त्याहून फार वेगळे नाही. पण वाटेत फलाटावर उतरवणे-चढवणे आहे. कापूस किंवा गूळ एक दिवस फलाटावर पडला तर त्याचे बिघडत नाही. दुधाच्या बाबतीत प्रत्येक तास हा मालाच्या किमतीतून वजा होतो. पुणे-मिरज मार्ग १९७१ च्या सुमारास रुंद झाला, तोवर दुधाची वाहतूक रस्त्याकडे वळू लागली होती.

या पार्श्वभूमीवर चितळे कुटुंबाने पुण्याला दिलेले महत्त्व समजते. १९५० मध्ये पुण्यात 'चितळे बंधू मिठाईवाले' ही पेढी सुरू झाली. भिलवडीहून निघालेल्या दुधाला गाडी बदलण्याआधीच गिऱ्हाईक मिळाले, असे या घटनेचे वर्णन करता येईल. शिवाय मिठाईचे दुकान ही दुधाच्या टिकाऊपणाची दुसरी खिडकी असते. जे दूध द्रव रूपात विकले जात नाही ते खवा, चक्का, पेढा होऊन विकले जाते. साताऱ्याच्या कढईतील जुनी युक्ती आणि रेल्वेची नवी गती यांचा येथे मिलाफ झालेला दिसतो. उद्योजकतेच्या यशोगाथांत कष्ट, सचोटी आणि वेळेचा काटेकोरपणा यांचे गुणगान होते. ते योग्यच आहे. पण दुधाच्या धंद्यात वेळेचा काटेकोरपणा हा सद्गुण असण्याआधी जीवशास्त्रीय सक्ती असते.

शीतसाखळी आणि भावाचा प्रश्न

१९५८ मध्ये राज्यात दुग्धविकास विभाग स्थापन झाला. मिरजेसह अनेक ठिकाणी शासकीय दूध योजना उभ्या राहिल्या. १९६० च्या दशकात कोयनेची वीज आली, उसाचे क्षेत्र वाढले आणि उसाच्या वाड्यांनी चाऱ्याचा प्रश्न काही अंशी सोडवला. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेच्या कार्यातून संकरित गाईंचा प्रसार झाला. १९७२ च्या दुष्काळाने शेतकऱ्याला जोडधंद्याची निकड पटवली. १९७० ते १९९६ या काळात तीन टप्प्यांत चाललेल्या ऑपरेशन फ्लड कार्यक्रमाने गावोगावच्या सहकारी संस्थांचे जाळे विणले. हा इतिहास परिचित आहे, म्हणून त्याचा विस्तार येथे करीत नाही.

तासांच्या दृष्टीने या काळात घडलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे शीतकरण केंद्रे. दूध ४ अंशांपर्यंत थंड केले की जंतूंची वाढ अगदी मंदावते. मग ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच थंड केले की पिशवीतील दूध शीतकपाटात दोन ते चार-पाच दिवस चांगले राहते. परंतु शीतकरण केंद्र तालुक्याच्या ठिकाणी आणि म्हैस वाडीवर, अशी स्थिती दीर्घकाळ होती. सकाळच्या दुधाला गाडी मिळे. संध्याकाळचे दूध ही खरी कसोटी. उन्हाळ्यात डेअरीच्या दारात कॅन उघडल्यावर आंबूस वास आला, चमच्यात उकळून पाहिल्यावर दूध फुटले, की ते परत जाई. दूध नाकारले जाण्याची भीती इतकी होती की आम्लता लपवण्यासाठी सोडा मिसळण्याचे प्रकार घडत आले. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याने आणि २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने याला गुन्हा ठरवले. नीतीच्या दृष्टीने ते अक्षम्य आहेच. मात्र पाणी घालणारा नफा वाढवत असतो आणि सोडा घालणारा पुष्कळदा गेलेले तास लपवत असतो, हा फरक इतिहासकाराने नोंदवायला हवा. गावातच बल्क कूलर बसू लागल्यावर संध्याकाळच्या दुधाची ही कुचंबणा कमी झाली.

टिकाऊपणाचा संबंध भावाशी किती निकटचा आहे, हे अलीकडच्या तीन प्रसंगांतून स्पष्ट होते. जुलै २०१८ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेने राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली दूधबंद आंदोलन केले, तेव्हा रस्त्यावर दूध ओतल्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली आणि शहरी वाचकांनी नासाडीबद्दल हळहळ व्यक्त केली. सोयाबीन किंवा हळद उत्पादक भाव पडला तर माल घरात ठेवून वाट पाहू शकतो. दूध उत्पादकाला ती सवड नाही. विक्री नाकारणे म्हणजे त्याच्या बाबतीत माल सोडून देणेच असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेने महामार्ग बंद केला आणि सांगली-कोल्हापूरकडून मुंबई-पुण्याला जाणारे दूध अडकले. शहरांत टंचाई झाली आणि पूरग्रस्त गावांत दूध घालायला डेअरी उरली नाही. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले व मिठाईची दुकाने बंद पडल्यावर राज्य शासनाने दररोज दहा लाख लिटर दूध २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय घेतला. भुकटी म्हणजे तरी काय, दुधाला दिलेली वाढीव मुदत. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकते हे एच. एम. दलाया यांनी १९५० च्या दशकात आणंद येथे सिद्ध केले, त्याचे महत्त्व अशा वेळी कळते. या तिन्ही प्रसंगांत ज्याच्याकडे तास साठवण्याचे यंत्र आहे त्याच्या हाती भाव गेला. वाळवण मनोरा, निर्जंतुक भरणीचे यंत्र, शीतगृह यांची मालकी हा म्हणूनच तांत्रिक प्रश्न राहत नाही.

दुधाला रोज रोख भाव मिळू लागल्याचा आणखी एक परिणाम घरात झाला. सकाळ-संध्याकाळचे दूध डेअरीत जाऊ लागले, तशी घुसळण कमी झाली. रवी माळ्यावर गेली. पैसा हाती आला, स्त्रियांच्या कष्टाला मोल मिळाले, हे मोठे लाभ नाकारता येणार नाहीत. पण ज्यांच्याकडे म्हैस नव्हती त्यांना शेजारच्या घरातून मिळणारे फुकटचे ताकही त्याबरोबर गेले. सहकारी चळवळीच्या कोणत्याही ताळेबंदात ही वजाबाकी दाखवलेली नसते.

लॅक्टोजमुक्त दूध

लॅक्टोज फोडण्याचे विकर यीस्ट किंवा बुरशीपासून काढून दुधात घालण्याचे तंत्र युरोपात १९७० च्या दशकापासून व्यवहारात येऊ लागले. फिनलंडमधील वालिओ या उत्पादक सहकारी संस्थेने २००१ मध्ये लॅक्टोजचा काही भाग गाळून आणि उरलेला विकराने फोडून नेहमीच्या चवीचे दूध बाजारात आणले. नुसत्या विकराने केलेले दूध किंचित गोड लागते, कारण ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या साखरा लॅक्टोजहून गोड आहेत. त्यात साखर कमी नसते, तिचे तुकडे झालेले असतात. मधुमेही व्यक्तीने हे लक्षात ठेवावे. गेल्या दशकात भारतातही अमूलसारख्या संस्थांनी असे दूध खोक्यांतून विक्रीस आणले.

ते अधिक टिकते का? दुकानातील खोके काही महिने टिकते, हे खरे. पण ते १३५ ते १४० अंशांवर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरलेले असते म्हणून. त्याच पद्धतीने भरलेले साधे दूधही तेवढेच टिकते. खोके उघडल्यावर दोन्ही शीतकपाटात ठेवून थोड्याच दिवसांत संपवावी लागतात. लॅक्टोज नाही म्हणून जंतूंची उपासमार होईल, ही अपेक्षा तर अगदीच चुकीची. ग्लुकोज हे त्यांचे आणखी आवडते अन्न आहे. उलट साठवणीच्या काळात लॅक्टोजमुक्त दुधाला एक अधिकचा धोका असतो. फुटलेल्या साखरा प्रथिनांशी अधिक सहजपणे अभिक्रिया करतात. साताऱ्याच्या कढईत तासाभरात जे तांबूसपण येते त्याचीच मंद आवृत्ती उबदार गोदामात ठेवलेल्या खोक्यात महिनोन्‌महिने चालू राहते. रंग किंचित काळवंडतो, चव बदलते. विकरात प्रथिने तोडणारा अंश राहिला असेल तर कडवटपणाही येतो. उन्हाळ्यात चाळीस अंश गाठणाऱ्या आपल्या भागात ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या दुधाची गरज कोणाला आहे, याचाही विचार व्हावा. ज्यांना लॅक्टोज पचत नाही अशांपैकी बहुतेकांना एका वेळी सुमारे बारा ग्रॅम, म्हणजे एक पेलाभर दूध, फारसा त्रास न होता चालते, असे वैद्यकीय अभ्यास सांगतात. चहात जाणारे दूध त्याहून कितीतरी कमी. ताक, चक्का, तूप यांची सवय असलेल्या कुटुंबात लॅक्टोजचा प्रश्न पूर्वी उघडपणे जाणवला नाही तो यामुळेच. पेला भरून दूध पिणे हे आरोग्याचे लक्षण मानण्याची सवय आपल्याला बरीच उशिरा, शाळा आणि जाहिराती यांच्या द्वारे लागली. तीव्र त्रास असणाऱ्यांना, दीर्घ आजारातून उठलेल्यांना आणि अतिसारानंतर काही काळ विकर कमी झालेल्या बालकांना लॅक्टोजमुक्त दूध किंवा वैद्यकीय सल्ल्याने दिलेले पर्याय निश्चितच उपकारक आहेत. इतरांच्या बाबतीत वाटीभर ताक ते काम बऱ्याच कमी खर्चात करते.

उत्पादनाच्या बाजूने मात्र एक मुद्दा सातारा-सांगलीच्या दूध संघांसाठी विचारणीय आहे. विकराने लॅक्टोज फोडण्याची एक पद्धत अशी की, दूध थंड टाकीत विकरासह सुमारे एक दिवस ठेवावे लागते. दुसऱ्या पद्धतीत निर्जंतुक केलेले विकर भरणीच्या वेळीच खोक्यात सोडतात आणि साखर खोक्यातच फुटते. पहिली पद्धत यंत्रसामग्रीच्या दृष्टीने सोपी आहे, पण तिच्यासाठी येणारे कच्चे दूध इतके स्वच्छ हवे की ते टाकीत आणखी चोवीस तास निर्धास्तपणे थांबू शकेल. धार काढताना कास धुणे, स्टीलच्या कॅन, गावातील बल्क कूलर आणि त्या कूलरला संध्याकाळी सात वाजता हमखास मिळणारी वीज, यांवर ते अवलंबून आहे. सध्या भाव ठरतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या मापांवर. दुधातील जंतूंची संख्या मोजून स्वच्छ दुधाला जादा दर देण्याची पद्धत गावपातळीवर रुजलेली नाही. संध्याकाळचे दूध थंड करून स्वच्छ ठेवणाऱ्या उत्पादकाला आणि उशिरा कॅन आणून टाकणाऱ्याला एकाच तक्त्यावरून पैसे मिळतात.